भिंगरीसाठी जागा

२, सोमवार

मुकादम आज माझ्या मागापाशी येऊन उभा राहिला. सुताच्या पोत्यांमागे फळ्या लावून माझ्या लेकीसाठी, भिंगरीसाठी कुंपण केलं आहे, त्याच्याकडे त्याने बोट केलं. मग ते बोट आडवं फिरवलं. बंद. मग एक बोट वर. एक तारखेपासून. शेडमध्ये ऐंशी माग चालू असतात. तिथे कोणी तोंडाने सांगत बसत नाही.

पलीकडच्या गाळ्यात गेल्या आठवड्यात एका मुलीची बोटं पट्ट्यात सापडली होती. बोटं वाचली. तपासणी झाली. आता मुलं आत आणायची नाहीत.

सुट्टीत बाहेर पाण्याच्या पिंपापाशी मावशीने विचारलं, "आता गं?" मावशी माझ्या शेजारचे चार माग चालवते. माझी सख्खी नव्हे, सगळ्या शेडची मावशी. तीस वर्षं झाली तिला या कामात. तिला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटावा लागतो.

हजेरीच्या ऑफिसातली बाई म्हणाली, "जागा शोधा. कुठे कुठे गेलात ते तारखेनिशी लिहून ठेवा. मुदत वाढवून मागायची वेळ आली तर कागद लागतो." म्हणून ही वही. पाळीच्या वहीत मी रोज लिहितेच, कोणता माग किती वेळ बंद, धागा कशाने तुटला. तसंच लिहायचं.

संध्याकाळी नणंदेला व्हिडिओवर सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, पाठवून दे तिला माझ्याकडे. माझी दोन आहेत, त्यात तिसरी. वर्षभराने ने परत. तोवर बोलतीही करते." बसने बारा तास लागतात तिच्याकडे.

भिंगरी पावणेतीन वर्षांची आहे. अजून बोलत नाही. हेही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या. तिला कळतं सगळं. दूध, पाणी, शू, झोप, पुरे, आण, ठेव, नको. मी ओठ हलवायचा अवकाश. हातानेही सांगते. आठ तास घसा फोडून उपयोग नसतो, म्हणून घरी आल्यावरही माझा घसा बंदच असतो. आमच्या घरात भांडी तेवढी बोलतात, असं हे म्हणतात.

पाठवायची नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

३, मंगळवार

पाळी सहा ते दोन. दोनला सुटून वॉर्ड ऑफिसला गेले. भिंगरी कडेवर. काचेमागच्या कारकुनाने बराच वेळ काहीतरी सांगितलं. काचेमागे बसली की माणसं छातीत बोलायला लागतात. मी दोनदा "काय?" केलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. शेवटी त्याने एक छापील पत्रक भोकातून सरकवलं.

"लहान मुलांच्या कुटुंबांसाठी आपल्या परिसरातील सुविधा." अकरा पत्ते आहेत. पाळणाघरं, खेळगट, खेळण्यांची लायब्ररी, बाग, माता-बाल आरोग्य केंद्र. वर एका हसणाऱ्या आईचं चित्र. तिचे केस विंचरलेले आहेत.

इतकं सगळं आपल्याच भागात होतं आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं. बरं वाटलं.

५, गुरुवार

यादीतला पहिला पत्ता: तिथे आता व्यायामशाळा आहे. एक माणूस आरशासमोर वजनं उचलत होता. मी पाळणाघर विचारलं. त्याने वजन खाली न ठेवताच मान हलवली.

दुसरा: इमारत पाडली आहे.

तिसरा चालू आहे. खेळगट, दहा ते बारा. तोही आठवड्यातून तीन दिवस, आणि आईने सोबत बसायचं. मी म्हटलं, "आई कामावर असेल तर?" तिथली मुलगी हसून म्हणाली, "मग आजी येतात ना." तिचा काही दोष नाही. आज्या येत असतीलच.

खेळण्यांची लायब्ररी मात्र छान निघाली. भिंगरीने लाकडी गाडी घेतली आणि तासभर जमिनीवर गाल टेकून ती चालवली. निघताना मी दोन हात पसरून "संपलं" म्हटलं तर ती मान फिरवून बसली. मान फिरवली की तिला काहीच सांगता येत नाही. मग उचलूनच आणावी लागते. रस्त्यावर लोक बघत होते.

६, शुक्रवार

यांचा फोन आला. हे बोगद्याच्या कामावर आहेत, तीन महिन्यांनी घरी येतात. तिथून आवाज धड येत नाही. पण हेही लग्नाआधी आमच्याच शेडमध्ये होते, त्यामुळे आमचं अडत नाही. फोन भिंतीला टेकवून आम्ही दोघं हातवारे करतो. भिंगरी मध्ये घुसून स्वतःचं सांगते. आज तिने बाबांना गाडी सांगितली, चाकं सांगितली, आईने ओढून आणलं तेही सांगितलं. चहाडखोर आहे.

हे म्हणाले, ताईकडे पाठवायचं असेल तर पाठव, तुझी ओढाताण नको. मी फोन ठेवून दिला.

९, सोमवार

पाळणाघर मिळालं! यादीत पाचवं. मोठी खोली, सोळा मुलं, भिंतीवर प्राण्यांची चित्रं. तिथल्या ताई तरुण आहेत आणि तोंडासमोर हात न धरता स्वच्छ बोलतात. तीन दिवस बघू म्हणाल्या, मग नाव घालू.

अडचण एकच. ते साडेसातला उघडतं आणि माझी पाळी सहाला. मावशीला विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चार मागांकडे, मग आपल्या चार मागांकडे. "आठ माग आणि दोन पाय," ती म्हणाली. "पळेन. मुकादम आला तर तू संडासात आहेस. पोट बिघडलंय तुझं."

"तिन्ही दिवस?"

"वाईट बिघडलंय."

११, बुधवार

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी भिंगरी गोष्टीच्या वेळी उठून फिरत होती. मी म्हटलं, तिला सवय नाही. ताई म्हणाल्या, हो, होतं असं.

१२, गुरुवार

परत पाठवली.

ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आम्ही खूप प्रयत्न केला हो. पण ती अजिबात ऐकत नाही. दहा हाका मारल्या तरी वळून बघत नाही. आज फाटक उघडं होतं, सरळ रस्त्याकडे निघाली. मी ओरडतेय, बाकीची मुलं रडायला लागली, ही आपली चाललीच. काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, "घरी ऐकते."

ताई म्हणाल्या, "घरी लाड होत असतील."

रस्ताभर माझं डोकं तापलं होतं. घरी आल्यावर तिला समोर बसवलं आणि विचारलं, का ऐकत नाहीस? ताई हाक मारत होत्या, का नाही वळलीस? तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि हसली. मी तिच्या थोबाडीत मारली.

आजवर कधी मारलं नव्हतं. ती रडलीही नाही आधी. गालाला हात लावून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काहीतरी यायचं आहे असं समजून. मग रडली.

हे पान हजेरीच्या बाईला दाखवायचं नाही.

१४, शनिवार

खालची वर आली होती. खालच्या मजल्यावर राहते, दुकानांचे कपडे घरी आणून दुरुस्त करते. खांद्यावर मापाची फीत असते आणि जिभेखाली टाचण्या असाव्यात.

"बाई, टीव्ही तुमचा, पण बघत नसले तरी ऐकते मी. अख्खी बातमी पाठ होते मला."

मी म्हटलं, मोठा नसतो आमचा.

"नसतो?" तिने आत बघितलं. टीव्ही चालू होता. "हा मोठा नाही? मग मोठा कसा असतो ते ऐकवूच नका."

तिचं शिलाई मशीन दिवसभर चालतं, त्याची मी कधी तक्रार केली का? मला तर ते कधी ऐकूही येत नाही.

१६, सोमवार

पत्रकातले सहा आणि सात बंद. आठव्या ठिकाणी तीन वर्षं पूर्ण हवीत. भिंगरीला तीन महिने कमी पडतात. मी खोटं सांगायला हवं होतं. जन्माचा दाखला मागतात म्हणे.

नववं ठिकाण म्हणजे पलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. घरीच सहा मुलं सांभाळतात. सगळे त्यांना आजी म्हणतात. पहाटे साडेपाचलाही चालेल म्हणाल्या, मी उठलेलीच असते. सहातली एक जागा सध्या रिकामी आहे. दुसऱ्या एका बाईंनीही विचारलं होतं, त्यांचं नक्की नाही. "संध्याकाळी सातपर्यंत फोन करते. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

आजींच्या घरात उन्हाचा एक मोठा चौकोन पडला होता. भिंगरी जाऊन त्याच्या मध्ये बसली. तिला आवडलं.

देवा, एवढं एक होऊ दे.

१७, मंगळवार

काल फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता. मीही तिथेच होते, भांडी घासत. फोन वाजला नाही. साडेआठला उचलून बघितला तर चार मिस्ड कॉल.

लगेच उलटा फोन लावला. आजी काय बोलल्या ते नीट कळलं नाही, म्हणून आज सुटल्याबरोबर गेले. त्या दारातच म्हणाल्या, "अहो, चार वेळा केला. मला वाटलं, तुमचा विचार बदलला. त्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. मी किती वेळ थांबवणार?"

"फोन बिघडलाय माझा."

"अरेरे," आजी म्हणाल्या. खरंच वाईट वाटलं त्यांना. आतून सहावं मूल बाहेर बघत होतं. त्याच्या पायात मोजे होते, एक निळा, एक पिवळा. मला त्या मुलाचा राग आला.

तिथून दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदाराने आपल्या फोनवरून माझा नंबर लावला. फोन त्याच्या हातात थरथरताना मला दिसला. "चांगला खणखणीत वाजतोय की," तो म्हणाला. "आवाज फुल आहे. याहून मोठा पाहिजे तर घरावर भोंगा लावा."

ही माणसं दुकानात एक दाखवतात, घरी नेलं की पुन्हा तेच.

१९, गुरुवार

दहावा पत्ता बागेचा आहे. बाग आहे. बागेत मूल ठेवता येत नाही.

मुकादमाला मुदत मागितली. त्याने दोन्ही तळहात वर केले आणि छताकडे बघितलं. वरून हुकूम. माणूस वाईट नाही. भिंगरी चालायला लागली तेव्हा तिचं कुंपण त्यानेच उंच करून दिलं होतं.

नणंदेने एक तारखेच्या बसचं विचारलं आहे.

२०, शुक्रवार

आज मागावर एक विचार आला. भिंगरी दुपारपर्यंत झोपू शकते. मी पाचला उठवते म्हणून उठते. उठवलीच नाही तर? तिला शेडच्या आवाजात झोपायची सवय आहे. कशाने उठायची नाही. पाणी, बिस्किटं जवळ ठेवायची. खिडक्यांना गज आहेतच. गॅस खालून बंद करायचा. आठ तास नाही, मध्ये सुट्टीत धावत येऊन बघता येईल. चालत बारा मिनिटं. धावत सात.

मावशीला सांगितलं नाही. तिने विचारलं, "काय गं, कसला हिशेब चाललाय डोक्यात?" मी हाताने काही नाही म्हटलं.

२२, रविवार

आज करून बघितलं. थोडा वेळच. दुपारी ती झोपली, मी बाहेरून कुलूप लावलं आणि दाराशी उभी राहिले. घड्याळ बघत. वीस मिनिटं थांबायचं ठरवलं होतं. कान दाराला लावला. आत अगदी शांत होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आवाज नाही. मला वाटलं, जमतंय. देवा, जमतंय. मला रडू आलं इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात खालची जिन्यावरून धावत वर आली. हातात कात्री तशीच. मला बघून थांबली.

"तुम्ही इथेच आहात?"

मी म्हटलं, हो.

"अहो, मूल किंचाळतंय आत! दहा मिनिटं ऐकतेय मी खालून. मला वाटलं घरात कोणी नाही. आणि तुम्ही दाराला टेकून उभ्या?"

मी म्हटलं, "झोपली आहे ती."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कुलूप उघडता येईना. किल्ली तिनेच फिरवली. भिंगरी दाराच्या मागेच होती. अंग घामाने भिजलेलं, तोंड सुजलेलं, हात दारावर आपटून लाल झालेले. माझ्या पायाला चिकटली ती सोडेना.

खालची म्हणाली, "कसली बाई आहात तुम्ही?" आणि खाली गेली.

दार जाड आहे. जुन्या लाकडाचं आहे. त्याशिवाय काय असणार.

२३, सोमवार

भिंगरी आज शेडमध्येही पोत्यांमागे बसेना. दोन्ही हातांनी माझी साडी धरून चार मागांच्या मध्ये हिंडत होती. मावशीने तिला उचललं आणि स्वतःच्या पाठीला बांधलं. आठ तास तशीच उभी होती. तिची कंबर दुखते.

२४, मंगळवार

खालचीने तक्रार केली. यादीतला अकरावा पत्ता, माता-बाल आरोग्य केंद्र, तिथे जाऊन सांगून आली. दुपारी घरी आले तर दारात नर्सबाई उभ्या. पांढऱ्या चपला, खांद्याला पिशवी.

मला वाटलं, मूल घेऊन जातात. चहा विचारायचंही सुचलं नाही. वही पुढे केली, बारा तारखेचं पान दाबून धरून. म्हटलं, बघा, किती ठिकाणी गेले.

त्यांनी वही वाचली. मग जमिनीवर बसून भिंगरीला खेळ काढून दिला. ती खेळायला लागल्यावर त्या उठून तिच्या पाठीमागे गेल्या आणि टाळी वाजवली. पिशवीतून खुळखुळा काढून तिच्या मागे हलवला. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मग ताटली आणि चमचा. मुलीशी खेळायचं तर समोर यायला हवं, पाठीमागे कसला खेळ? भिंगरीने ढुंकून पाहिलं नाही. मलाच लाज वाटली, बाई एवढ्या आल्या आणि ही मान वर करत नाही.

मी सांगितलं, "जरा हट्टी आहे. बोलायलाही उशीर आहे आमच्या घरात. पण कळतं सगळं."

नर्सबाईंनी पेन काढलं. एक चिठ्ठी लिहिली. परवा मोठ्या इस्पितळात, कानांची तपासणी.

मी म्हटलं, "मला जागा हवी आहे. पाळणाघराची. एक तारखेपासून."

"आधी हे करू या," त्या म्हणाल्या.

सहा दिवस उरले आहेत आणि माझ्या हातात कानाची चिठ्ठी.

२६, गुरुवार

रजा काढली.

तपासणीची खोली लहान होती. भिंतींना गाद्या लावलेल्या. माग बंद पडल्यावर शेड होते तशी, फक्त फार जास्त. भिंगरीला मांडीवर घेऊन बसले. काचेपलीकडे तपासणीच्या बाई बटणं फिरवत होत्या. बराच वेळ चाललं. मग यंत्राच्या तारा लावून, तिला झोपवून, पुन्हा एकदा.

मग त्यांनी मला आत बोलावून सांगितलं. दोन्ही कानांना ऐकू येत नाही. बहुतेक जन्मापासून.

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. तिला हजार गोष्टी कळतात. दूध म्हटलं की येते.

"म्हणा," बाई म्हणाल्या.

मी भिंगरीकडे बघून म्हटलं, दूध. ती लगेच आली, हात पुढे करून.

बाईंनी टेबलावरचा एक कोरा कागद मला दिला. "आता हा तोंडापुढे धरून म्हणा."

मी कागद धरला. म्हटलं, दूध. भिंगरी खुर्चीच्या चाकाशी खेळत होती. दूध. पुन्हा म्हटलं. ओरडून म्हटलं असेन, कारण बाहेरचा शिपाई आत डोकावला. भिंगरी चाक फिरवत राहिली.

किती वेळ मी कागद तसाच धरून होते कोण जाणे. मग बाईंनी तो माझ्या हातातून घेतला. माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो आपल्या तोंडापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. मी वाट बघितली. शेवटी म्हटलं, "कागद का धरलाय बाई? बोला ना."

त्यांनी कागद खाली केला.

"मी तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव काय."

मग त्या काचेपलीकडच्या खुर्चीकडे हात दाखवून म्हणाल्या, "तुम्हीही बसा जरा."

२७, शुक्रवार

अकरा वर्षं माग चालवला. माझे कान सत्तरीच्या बाईचे आहेत, असं तो कागद सांगतो. समोरून बोललेलं मला ओठांवरून कळतं आणि मला वाटत राहतं की ऐकू आलं. राहिलेलं जपायचं तर शेडमध्ये कानांवर आवाज अडवणारी टोपणं लावावी लागतील. जन्मभर.

म्हणजे आजींचा फोन चारही वेळा वाजला होता. माझ्यापासून दोन हातांवर.

म्हणजे ती दारामागे दहा मिनिटं किंचाळत होती आणि मी देवाचे आभार मानत होते.

म्हणजे बारा तारखेला मी तिला का मारलं?

काही लिहवत नाही.

२८, शनिवार

शेडमध्ये मावशीला सांगितलं. तिने भिंगरीकडे बघितलं. भिंगरी तिला हाताने सांगत होती, तुझ्या तिसऱ्या मागाचा धागा तुटला. खरंच तुटला होता. मावशी गाठ मारून आली आणि म्हणाली, "इथे ती कुठे बहिरी होती गं?"

संध्याकाळी नणंदेचा व्हिडिओ. तिला सांगितलं. ती रडली. म्हणाली, तरी पाठव, आम्ही जीव लावू. लावतील. नणंद मनाने चांगली आहे. बोलता बोलता ती चुलीकडे वळली आणि पाठ करून बोलत राहिली. तिच्या दोन्ही पोरी, नवरा, दीर, सगळे खोलीत येत-जात काही ना काही बोलत होते. मी पडद्याकडे बघत होते आणि मला एक शब्द कळत नव्हता. भिंगरी माझ्या शेजारी बसून तेच बघत होती. थोड्या वेळाने तिने फोन पालथा घातला.

इस्पितळातल्या बाईंनी एक शाळा सांगितली. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांची. कानाचं यंत्र यायला चार महिने, पण मुलीला आताच घेतील, तीन पूर्ण नसली तरी. सकाळी नऊ ते बारा, आईने सोबत बसायचं. शहराच्या त्या टोकाला. ती यादीत नाही, कारण यादी आमच्या वॉर्डाची आहे.

मुकादमाने दुसरी पाळी द्यायचं कबूल केलं. दोन ते दहा. म्हणजे सकाळ सुटली. दुपारपासून रात्रीपर्यंत कोण? आजींच्या सहा जागा भरलेल्या. बाकी सगळी पाळणाघरं सातला बंद. यांना बोगदा सोडता येत नाही, आम्ही काल दोन तास तेच बोललो. मावशी पहिल्या पाळीची, आणि तिला संध्याकाळी दोन लेकांसाठी भाकरी टाकाव्या लागतात.

पत्रक पुन्हा वाचलं. अकरा ठिकाणं. हसणारी आई.

२९, रविवार

दुपारी खाली गेले. भिंगरीला घेऊन. खालचीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. मागे मशीनवर कोणाची तरी पँट.

"भांडायला आलात तर मी तयार आहे," ती म्हणाली. "तक्रार मीच केली. पुन्हा करीन."

"माहीत आहे."

"मग?"

मी जिन्यात चार वाक्यं ठरवली होती. एकही आठवेना. म्हटलं, "उद्याचा दिवस गेला की परवापासून दुपारी दोन ते दहा हिला ठेवायला जागा नाही. मी अकरा ठिकाणी जाऊन आले. तुम्ही ठेवाल का?"

तिने माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "मी? तुम्हाला दुसरं कोणी नाही मिळालं? मला पोरं सांभाळता येत नाहीत. मला पोरं आवडतही नाहीत. घरात कात्र्या, सुया."

"हिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मलाही कमी येतं. गुरुवारी कळलं. त्या दिवशी मी दाराला कान लावून उभी होते, मला खरंच वाटलं ती झोपली आहे. तुम्हाला एक मजला खालून ऐकू आलं. मशीन चालू असताना."

तिने मागे वळून मशीनकडे पाहिलं.

"ती रडली तर कळेल असं माणूस हवं आहे मला. बाकी मी शिकवते."

खालचीने खांद्यावरची फीत काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागली. अख्खी गुंडाळून झाली तरी तिचं बोट फिरतच होतं. भिंगरी तिच्या पायांमधून आत गेली, मशीनखाली बसली आणि पायडलकडे बघायला लागली. खालची दोनदा तिच्या पाठीला "ए" म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"हिला बोलवायचं कसं?"

मी पाय आपटून दाखवला. तिने आपटला. फारच जोरात. भिंगरी वळली.

"आठ दिवस," खालची म्हणाली. "नाही जमलं तर तोंडावर सांगेन."

"तोंडावरच सांगा," मी म्हटलं.

ती हसली नाही. मलाही ते बोलून झाल्यावर कळलं.

३०, सोमवार

पोत्यांमागचं कुंपण काढलं. फळ्या मुकादमाने नेल्या. शेडमधल्या सगळ्या बायकांनी भिंगरीशी काही ना काही बोलून घेतलं. ती उद्या येणार नाही हे तिला सांगायचं मला जमलं नाही. मावशीने सांगितलं. भिंगरीने मान फिरवली.

१, मंगळवार

सकाळी शाळा. तिथे बारा मुलं आहेत आणि सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. भिंगरीने एका मुलाला "आण" सांगितलं. त्याला तो हात कळला नाही. तिने पुन्हा सांगितलं, मोठा करून. आमचे हात आणि त्यांचे हात वेगळे आहेत म्हणे. आम्हा दोघींना नव्याने शिकावं लागेल.

पावणेदोनला तिला खाली दिलं. खालचीने कात्र्या कपाटावर ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर एक खोका पालथा घातला होता. भिंगरीने माझी साडी धरली. बोटं एकेक करून सोडवली. दार लागलं.

मी जिन्यात उभी राहिले. पाळीला बारा मिनिटं उरली होती. दाराला कान लावला. आत काय चाललं होतं मला काही कळत नव्हतं. शांत होतं, पण शांत म्हणजे काय ते आता मला ठाऊक आहे. दोन मिनिटं गेली. पाय हलेना.

दार उघडलं. खालची एकटीच बाहेर आली, मागे दार ओढून धरून. मी इथेच असणार हे तिला ठाऊक असावं. माझ्या अगदी समोर आली आणि ओठ मोठे मोठे हलवून सांगितलं,

"रडतेय. जा तुम्ही. मी ऐकतेय."